नऊ दिवस लंडन, आणि तीन घरचं आमंत्रण

साताऱ्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती आणि नवरा जूनमध्ये पहिल्यांदाच परदेशात, लंडनला चाललेत, हातात नऊ दिवस. नणंद लंडनमधल्याच हॅरोला, चुलत दीर लंडनबाहेर लेस्टरला, तिचा मामेभाऊ बर्मिंगहॅमला. तिघंही म्हणतायत आमच्याकडेच राहायचं, आणि नवरा तिघांनाही हो म्हणून बसलाय. "मावशी, मी आरडी मोडून तिकिटं काढली, आणि आता नऊच्या नऊ दिवस लोकांच्या सोफ्यावर बसून चहा पिण्यात जाणार असं दिसतंय. नाही म्हटलं तर सासूबाईंपर्यंत जाईल. काय करू?"

अगं, जाईल काय, जाणारच. म्हणून पहिली गोष्ट, नणंदेला आणि दिराला फोन तू करायचा नाहीस. तो नवऱ्याने करायचा, तू शेजारी बसलीस तरी चालेल पण बोलायचं त्याने. तू बोललीस की "वहिनीलाच यायचं नव्हतं" हे पक्कं, आणि तोच निरोप तो स्वतः बहिणीला देईल तर ती फार तर दोन दिवस फुगेल. मामेभाऊ तुझा आहे, त्याला तू सांग.

आता सांगायचं काय, तर मुक्काम एकाच घरी. रोज बॅग भरायची, रोज नवीन गादी, रोज "जेवून जा ना" यात दिवस कुठे जातो कळत नाही. हॅरो बरं आहे, हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्यूब, म्हणजे तिकडची मेट्रो, थेट बेकर स्ट्रीटला नेते. नणंदेला आधीच सांगा, आम्ही सकाळी नाश्ता करून आमचे आमचे बाहेर पडणार, तुम्ही रजा टाकू नका. खरं सांगू का, तिलाही हायसं वाटेल. तिकडच्या लोकांकडे उन्हाळाभर पाहुणे असतात गं, टॉवर ऑफ लंडन बाहेरून दाखवून दाखवून ते कंटाळलेले असतात, फक्त तोंडाने म्हणता येत नाही. आणि ट्यूबला घाबरू नकोस, कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवायचं, दिवसाला ठराविक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. फक्त दोघांचं कार्ड वेगळं हवं आणि चढताना-उतरताना तेच टेकवायचं. इथल्या बँकेचं कार्ड असेल तर परदेशी व्यवहाराचा चार्ज किती लागतो ते निघायच्या आधी विचारून ठेव.

जूनमध्ये तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो, हे तुझ्या फायद्याचं. ब्रिटिश म्युझियम एरवी पाचला बंद होतं (तिकीट नाही बरं का), शुक्रवारी मात्र साडेआठपर्यंत उघडं असतं. म्हणजे दिवस तुझा, आणि संध्याकाळी घरी येऊन नणंदेसोबत निवांत जेवण, गप्पा. भाजी-किराणा एकदा तुम्ही भरा, न विचारता.

लेस्टरला मात्र जाच. सेंट पँक्रसहून ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, रविवारी सकाळी जाऊन रात्री परत. आणि तिथे फक्त दिराच्या घरी बसायचं नाही! तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा 2012 मध्ये तिथल्या एका कार पार्किंगखाली सापडला, तोच राजा ज्याला शेक्सपिअरने खलनायक करून ठेवलाय, आणि 2015 मध्ये त्याला तिथल्याच कथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं. दिरालाच म्हणायचं, "भावोजी, तुम्हीच दाखवा ना." माणूस खूश होतो, जेवणाचे चार तास दोनवर येतात आणि तुझं एक ठिकाण बघून होतं. बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानंही आहेत, चहा तिकडेच पाजायला सांग.

मामेभावाला सांग, आम्ही बर्मिंगहॅमला येत नाही, शनिवारी तूच बायको-पोरांना घेऊन लंडनला ये. भेटायचं ठिकाण मी सुचवते, किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहायचे, 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. ते बघायचं आणि मग सगळ्यांनी जवळच्या प्रिमरोज हिलवर चढायचं, तिथून अख्खं लंडन दिसतं, पोरं हुंदडतात आणि कुणाच्या घरी भांडी घासायला पडत नाहीत. नाही आला तर नाही आला, व्हिडिओ कॉल आहेच.

आणि हो, सासूबाई तिघांसाठी कंदी पेढे बांधून देतील ते प्रेमाने नको म्हण. भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे, विमानतळावर सापडले तर काढून घेतात. भाजणीची चकली ने. फोन मात्र नवऱ्याला या रविवारीच करायला लाव, लेस्टरची जाऊ एव्हाना गाद्या उन्हात घालायला लागली असेल.