नायलॉनचा बुश लेथवर घेताना पृष्ठभाग केसाळ येतो, फीड अजून किती कमी करू?

फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते अंतर) कमी करू नका, वाढवा. तुम्ही लिहिलंय की 40 मिमी व्यासाचा बुश (पोकळ नळीसारखा भाग) स्टील कापायच्याच कोटिंगवाल्या इन्सर्टने, म्हणजे टूलच्या टोकाला बसणाऱ्या बदलत्या धारेने, सीएनसीवर घेताय, आणि फीड 0.03 मिमीपर्यंत उतरवला तरी जॉब, म्हणजे बुशचा तुकडा, धुरकट दिसतो. घोळ तिथेच आहे.

स्टीलच्या इन्सर्टची धार टिकावी म्हणून ती मुद्दाम किंचित गोल केलेली असते, साधारण तीस-चाळीस मायक्रॉन. तुमचा फीडही तेवढाच. मग टूल कापत नाही, नुसतं घासतं. स्टील जेवढी उष्णता वाहून नेतं त्याच्या साधारण दोनशेव्या भागाइतकीच नायलॉन नेतं, त्यामुळे घासण्याची सगळी गरमी वरच्या थरातच अडकते. तो थर मऊ पडून ओढला जातो. ते केस म्हणजे हाच ओढलेला थर.

म्हणून आधी इन्सर्ट बदला. अ‍ॅल्युमिनियमसाठी ग्राइंड करून पॉलिश केलेली, बिनकोटिंगची इन्सर्ट मिळतात, ती घ्या. धार तपासायची माझी जुनी सवय सांगतो: कोपरा अंगठ्याच्या नखावर अगदी हलका टेकवून ओढायचा. नखात रुतला तर ठीक. घसरला तर तो कोपरा नायलॉनला लावायचा नाही, मग इन्सर्ट नवीन का असेना.

आता आकडे. फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (इन्सर्टच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्या) आठपट, एवढी खोली टूलच्या दोन रेघांमध्ये राहते. 0.1 मिमी फीड आणि 0.4 मिमी नोजला ती 3 मायक्रॉनच्या आसपास येते. बुशला एवढं खूप झालं. 0.8 नोज घेतला तर कागदावर निम्मी होते, पण पातळ भिंतीचा बुश त्या दाबाने मागे सरतो आणि चॅटर (कापताना होणारी थरथर) येतो, म्हणून मी 0.4 वरच थांबतो. फायनल कट 0.3 ते 0.5 मिमी खोल ठेवा. 0.05 चा ‘हलका हात’ मारलात की पुन्हा घासणं सुरू. आरपीएम 1500 पुरे, म्हणजे मिनिटाला 190 मीटरच्या आत-बाहेर.

एवढं करूनही फिनिश बिघडवते ती चिप, म्हणजे कापून निघणारी पट्टी. नायलॉनची चिप तुटत नाही, लांब दोरी होऊन जॉबभोवती गुंडाळते आणि नुकत्याच घेतलेल्या पृष्ठभागावर ओरखडे काढते. माझे चांगले आलेले बुश असेच वाया गेलेत. फायनल कटाआधी मशीन थांबवून चकवरची सगळी दोरी काढा आणि कट चालू असताना हवेचा झोत टूलच्या टोकावरच धरा. नायलॉन पाणी पितं, त्यामुळे पाण्याच्या कूलंटपेक्षा मला हवाच बरी वाटते.

माप मात्र जॉब थंड झाल्यावरच घ्या. खोलीपेक्षा 20 अंश जास्त गरम असलेला 40 चा बुश सहज 0.06 मिमी मोठा दाखवतो.

इन्सर्ट बदलून पहिला कट घेतलात की चिप हातात घेऊन बघा. सलग, गुळगुळीत पट्टी आली असेल तर जॉबही तसाच दिसेल. तरीही केस राहिलेच, तर नोज आणि फीड लिहून कळवा, पुढे बघू.