मुख्य गायक बाजूला होतो तेव्हा

प्रश्न : प्रत्येक रॉक बँडचा एक आवाज आपल्या कानात पक्का बसलेला असतो. असे असताना एखाद्या अल्बममध्ये अचानक ड्रमर किंवा बास गिटार वाजवणारा गाताना का ऐकू येतो? हा केवळ सहकाऱ्यांचे मन राखण्याचा प्रकार असतो का, आणि अशी गाणी दुय्यम समजावीत का?

उत्तर : मन राखण्याचा भाग काही वेळा असतो, हे नाकारता येणार नाही. बीटल्सच्या बहुतेक अल्बमांत रिंगो स्टार या ड्रमरच्या वाट्याला एखादे गाणे येत असे आणि लेनन व मॅकार्टनी ते त्याच्या गळ्याचा मर्यादित पल्ला ध्यानात घेऊनच रचत. १९६७ सालच्या ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ची चाल जवळजवळ शेवटपर्यंत मोजक्याच सुरांत फिरते आणि अखेरीस तेवढा एक उंच सूर लावावा लागतो. मात्र त्या साध्या, किंचित अवघडलेल्या आवाजामुळेच मित्रांच्या आधाराने उभ्या असलेल्या माणसाचे ते गाणे खरे वाटते. मॅकार्टनीने ते अधिक सफाईने गायले असते, यात शंका नाही. पण त्या सफाईत गाण्याचा अर्थच हरवला असता, असे माझे मत आहे.

गाण्याला शोभेल असा आवाज निवडणे, या कारणाचे याहून स्पष्ट उदाहरण व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या १९६९ सालच्या अल्बममध्ये सापडते. ‘आफ्टर अवर्स’ हे त्यातील शेवटचे गाणे बँडचा मुख्य गायक लू रीडने लिहिले, परंतु ते इतके निरागस आहे की आपल्या तोंडी ते कोणाला पटणार नाही, असे वाटल्याने त्याने ते मॉरीन टकर या ड्रमरकडून गाऊन घेतले. टकर यांचा आवाज शिकलेल्या गायिकेचा नाही आणि तो तसा नसणे हेच तेथे हवे होते. द कार्सच्या ‘ड्राइव्ह’ची गोष्टही अशीच आहे. १९८४ सालचे हे गाणे बँडचा मुख्य गायक रिक ओकासेकने लिहिले. त्याचा स्वतःचा आवाज कोरडा, तुटक, काहीसा उपरोधिक, म्हणून ते बेंजामिन ऑर या बासवादकाच्या मऊ आवाजाकडे गेले. ऑरने त्याआधीही या बँडची गाणी गायली होती, पण अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले हे गाणे आज त्याच्याच आवाजाने ओळखले जाते.

दुसरे कारण मालकीचे. क्वीनमध्ये फ्रेडी मर्क्युरीसारखा गायक असताना इतर कोणी गाण्याची गरजच काय, असे वाटू शकते. परंतु १९७५ सालच्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बमवर ‘आय ॲम इन लव्ह विथ माय कार’ हे ड्रमर रॉजर टेलरचे गाणे त्याने स्वतः, तर ‘थर्टीनाइन’ हे गिटारवादक ब्रायन मेचे गाणे मेने गायले आहे. येथे ज्याने लिहिले त्यानेच गायले. (टेलरचे गाणे मर्क्युरीच्या ‘बोहेमियन ऱ्हाप्सोडी’ या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेल्यामुळे विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे त्यालाही लेखकाचे मानधन मिळत राहिले, ही गोष्ट सहकाऱ्यांना बरीच खुपली म्हणतात.) गंमत अशी की मेचे गाणे मैफलीत मर्क्युरीच गात असे, आणि मला तरी अल्बममधला मेचा कमी नाटकी, एकसुरी गळाच त्या गाण्यातल्या कथेला अधिक शोभतो असे वाटते.

काही वेळा मात्र निव्वळ योगायोग असतो. रोलिंग स्टोन्सचे ‘हॅपी’ हे १९७२ सालचे गाणे गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या दक्षिण फ्रान्समधील भाड्याच्या बंगल्यात ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा मुख्य गायक मिक जॅगरसह बँडचे बाकीचे सदस्य जमलेलेच नव्हते. निर्माता जिमी मिलर ड्रमवर बसला, बॉबी कीज सॅक्सोफोनवर, आणि रिचर्ड्सने गिटार, बास व गायन अशी तिन्ही कामे केली.

म्हणून अशी गाणी सरसकट दुय्यम मानणे मला मान्य नाही. मात्र माइक वाटून दिला की गाणी आपोआप चांगली होतात, हेही खरे नाही. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या १९७२ सालच्या ‘मार्डी ग्रा’ या अल्बममध्ये मुख्य गायक जॉन फोगर्टीसह बासवादक स्टू कुक आणि ड्रमर डग क्लिफर्ड यांनीही आपापली गाणी लिहिली व गायली. तेथे गाण्याची निकड नव्हती, बँडमधल्या वाटणीचा वाद होता. अल्बमवर कडक टीका झाली आणि त्याच वर्षी बँड फुटला.

प्रश्न : असे एखादे गाणे गाणारा सदस्य पुढे त्या बँडचा मुख्य गायक झाल्याचे उदाहरण आहे का?

उत्तर : सर्वांत ठळक उदाहरण जेनेसिसचे. फिल कॉलिन्स हा त्यांचा ड्रमर. पीटर गॅब्रिएल गात असतानाच्या काळात १९७१ चे ‘फॉर ॲब्सेंट फ्रेंड्स’ आणि १९७३ चे ‘मोर फूल मी’ ही दोन शांत गाणी त्याने गायली होती. १९७५ मध्ये गॅब्रिएल बाहेर पडल्यावर बँडने बाहेरच्या अनेक गायकांची चाचणी घेतली आणि अखेर कॉलिन्सलाच पुढे केले. १९७६ च्या ‘अ ट्रिक ऑफ द टेल’वर तो मुख्य गायक आहे. ध्वनिमुद्रणात ड्रम त्याच्याकडेच राहिले, परंतु मैफलीत मंचाच्या पुढे उभे राहून गायचे तर मागे कोणीतरी बसायला हवे, म्हणून त्या वर्षीच्या दौऱ्यात बिल ब्रूफर्डला घेतले गेले आणि पुढच्या वर्षीपासून चेस्टर थॉम्पसनला.