चौघे उरल्यावर घाई करू नका

साताऱ्यात पावसाळ्यात बाहेर पडणे अवघड झाले की आमच्या मंडळात ‘माफिया’चा डाव रंगतो. १९८६ मध्ये मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ यांनी रचलेल्या या खेळात काही जण गुपचूप माफिया असतात आणि बाकीच्या गावकऱ्यांनी त्यांना ओळखून मतदानाने बाद करायचे असते. त्यासाठी नवे खेळाडू चेहरे वाचत बसतात. तुम्ही आधी माणसे मोजायला शिका.

नऊ खेळाडूंत दोन माफिया असतील आणि रोज दिवसा मतदानाने एक व रात्री माफियाकडून एक गावकरी बाद होत असेल, तर गावाला दोन चुका परवडतात. तिसऱ्या चुकीनंतर दोन माफियांसमोर दोनच गावकरी उरतात आणि गाव डाव हरते. आठ खेळाडू असतील तर मात्र एकच चूक परवडते, आणि सातांतही तेवढीच. म्हणूनच संख्या सम असताना, ठोस संशय नसेल आणि नियम परवानगी देत असतील, तर कोणालाही बाद न करणे हा भित्रेपणा नव्हे. चौघांत एक माफिया उरला असता मी एकदा उतावीळपणे मत दिले व डाव घालवला. थांबलो असतो तर दुसऱ्या दिवशी तिघांत एक, म्हणजे चारात एकापेक्षा बरी संधी मिळाली असती.

पाच जणांत दोन माफिया असताना बहुमत तिघांचे असते, त्यामुळे एका गावकऱ्याने दुसऱ्या गावकऱ्यावर घाईने दिलेले मत माफियांना पुरते. अशा वेळी सर्वांचे बोलणे ऐकल्याशिवाय मत देऊ नका, मग शेजारी कितीही डिवचो.