शाळेचं ढोलपथक कमी पैशात कसं सुरू करायचं

मॅडम, शाळेचं ढोलपथक सुरू करायचं ठरवलंत, आधी त्याबद्दल अभिनंदन, बजेट कमी आहे म्हणून अजिबात थांबू नका. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग या शाळांनी शाळेतल्या पोरांनाच घेऊन पथकं उभी केली, त्यामुळे हे शाळेत होतं यात शंकाच नको.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात वीस ढोल घेणं. आमच्याकडे तसंच झालं, ढोल आले पण ताशा धड वाजवणारं कोणीच नाही, मग नुसता गोंगाट. ताशावाला पथक चालवतो, ढोल त्याच्या मागे जातो, म्हणून आधी दोन मुलं ताशाला चांगली तयार करा आणि मग चार-पाच ढोल पुरे. बाकीच्यांना झांजा आणि लेझीम द्या, लेझीम बहुतेक शाळांच्या खेळाच्या खोलीत धूळ खात पडलेली असतेच!

ढोल नसताना पण सराव होतो, जुन्या टायरवर किंवा बाकावर टिपरू (ढोल वाजवायची काठी) मारून हात बसवता येतो, सुरुवातीला वेग वाढवू नका, एकच ठेका सगळ्यांचा एकत्र पडेपर्यंत पुढे जायचं नाही.

आणि हे नक्की करा:
- ढोलाला प्लास्टिकचं पान (ज्यावर वाजवतात तो पडदा) घ्या, चामड्याचं पावसात सैल पडतं
- कानात इअरप्लग, रोज, सगळ्यांच्या, नुसत्या कापसाने भागत नाही
- पाचवी-सहावीच्या पोरांच्या कमरेला मोठा ढोल बांधू नका, पाठ दुखते आणि पोरं सोडून जातात

जुने ढोल गावातल्या मंडळांकडे मागून बघा, गणपतीनंतर बरेचदा पडूनच असतात. मिरवणुकीचे वेगळे हात (वाजवायचे ठेके), रिंगण (गोल करून वाजवणं) वगैरे पुढच्या वर्षी बघू.