वाचक विचारतात : संवर्धनाचे प्रकल्प चालवायचे, म्हणजे नेमकं काय करायचं?

पर्यावरण संवर्धनाच्या प्रकल्पांत व्यवस्थापक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या क्षेत्रातल्या जाणकारांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. निसर्गासाठी काम करायचंय, पण संशोधनात जायचं नाही. 'प्रकल्प व्यवस्थापक' या पदाच्या जाहिराती दिसतात, पण सगळीकडे पाच वर्षांचा अनुभव मागतात. हे काम नेमकं काय असतं आणि सुरुवात कुठून करू?

व्यवस्थापक स्वतः पक्षी मोजत नाही आणि खड्डेही खणत नाही. पक्षी योग्य महिन्यात, ठरलेल्या पद्धतीनं मोजले जावेत, खड्डे पावसाआधी तयार असावेत, आणि त्यासाठी लागणारी माणसं, वाहन, परवानगी व पैसा त्या दिवशी जागेवर असावा, ही त्याची जबाबदारी. त्यामुळे आठवड्यातला मोठा वेळ हिशेब, अहवाल, जमीनमालकांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलणी यांत जातो. रानात राहायला मिळेल एवढ्याच ओढीनं येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. रान हवं असेल तर क्षेत्र-जीवशास्त्रज्ञाचं काम जास्त समाधान देईल.

सुरुवात बहुधा क्षेत्र सहायक म्हणून होते. नोंदी घ्यायच्या, उपकरणं सांभाळायची. पुढची पायरी क्षेत्र समन्वयकाची. तिथे पाच-सहा माणसांचं वेळापत्रक, गाडी आणि रोखीचा हिशेब तुमच्याकडे येतो. मग प्रकल्प अधिकारी, मग व्यवस्थापक. जाहिरातीतली 'पाच वर्षं' म्हणजे नुसता काळ नव्हे. एक पूर्ण हंगाम स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडला आहे का, हे त्यांना पाहायचं असतं. म्हणून पहिल्याच नोकरीत तीन कामं मागून घ्या : रोजकीर्द लिहिणं, एका पाहणीचं पूर्ण नियोजन, आणि अहवालाचा एखादा भाग. मुलाखतीत 'अनुदानाचा हप्ता दोन महिने रखडला आणि रोपं लावणीला आली आहेत, काय कराल?' यासारखे प्रश्न येतात. ही तीन कामं केलेल्या माणसाचं उत्तर लगेच वेगळं ओळखू येतं.

शिकण्याच्या गोष्टींत नकाशांसाठी क्यूजीआयएस आधी घ्या. ते मोफत आहे. मग मोबाइलवर नोंदी घेण्यासाठी कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके. गस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रकल्पांत 'स्मार्ट' ही प्रणाली सर्रास वापरतात, तिचीही ओळख असू द्या. दवाखान्यापासून दूर काम करायचं असेल तर रानातल्या प्रथमोपचाराचा १६ तासांचा मूलभूत अभ्यासक्रम करावाच. चमूचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी ७०-८० तासांचा वरच्या पातळीचाही असतो. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या आहात, तेव्हा एका अधिवासातल्या रोपांची ओळख फूल-फळ नसतानाही पटली पाहिजे, इतकी पक्की करा. ही ओळख असणारे उमेदवार कमीच मिळतात.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. या क्षेत्रात मला जागा आहे का?

आहे, आणि ती चांगली जागा आहे. पाणथळी, नद्या आणि खारफुटी यांच्या पुनरुज्जीवनात निम्मा प्रश्न पाण्याच्या पातळीचाच असतो. खारफुटीच्या लागवडी फसतात त्याचं नेहमीचं कारण पाहा : रोपं उघड्या चिखलपट्टीवर लावली जातात, कारण तिथे जमिनीचा वाद नसतो आणि जागा मोकळी दिसते. पण ती पट्टी भरती-ओहोटीच्या चक्रात रोपाला सोसवेल त्यापेक्षा जास्त वेळ पाण्याखाली असते. हजारो रोपं लावली तरी ती मरतात. उलट, जुने बांध फोडून भरतीचं पाणी पूर्वीच्या वाटेनं आत येऊ दिलं आणि जमिनीची उंची योग्य असली, तर जवळच्या झाडांची बीजं वाहत येऊन रुजतात आणि लागवडीची फारशी गरजच उरत नाही. उंचीतला काही सेंटिमीटरचा फरक तिथे निर्णायक ठरतो. तो मोजायला तुमच्यासारखीच माणसं लागतात.

अमेरिकेतल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात काढली. धरणांमागे दशकानुदशकं साठलेला गाळ खाली किती वेगानं सोडायचा, हा त्या कामाचा कळीचा प्रश्न होता. भिंती एका झटक्यात न पाडता टप्प्याटप्प्यानं उतरवण्याचं एक मोठं कारण तेच. अशा प्रकल्पांत अभियंता आणि जीवशास्त्रज्ञ यांच्या मधला दुवा होऊ शकणारा व्यवस्थापक फार मोलाचा ठरतो. तुमची उणीव एकच : परिसंस्थेची मूलतत्त्वं. ती वर्षभरात वाचून आणि क्षेत्रावर जाऊन भरून काढता येते.

प्रश्न : मी प्रकल्प अधिकारी आहे. आम्ही ४० हेक्टरवर स्थानिक जातींची रोपं लावली. निधी देणारी संस्था 'परिणाम काय झाला?' असं विचारते. लावलेल्या रोपांचा आकडा दिला, पण त्यांचं समाधान होत नाही. काय चुकतंय?

तुम्ही सांगितलं ते केलेलं काम. त्यांना हवा आहे त्या कामानं घडलेला बदल. लॉगफ्रेमच्या, म्हणजे प्रकल्पाची कामं, परिणाम आणि गृहीतकं एकत्र मांडणाऱ्या तक्त्यात हे दोन वेगळ्या ओळींत असतात, आणि शेवटच्या स्तंभात गृहीतकं लिहायची असतात : गुरं आत येणार नाहीत, वणवा लागणार नाही, वगैरे. हा स्तंभ बहुतेक जण शेवटी घाईत भरतात. खरं तर तुमचा प्रकल्प तिथेच मोडू शकतो, म्हणून तो आधी भरावा. गुरं येणारच असतील, तर 'गुरं येणार नाहीत' असं लिहून चालणार नाही. चराईबद्दलची बोलणी हे तुमच्या प्रकल्पाचं एक काम झालं पाहिजे.

अनेक संवर्धन संस्थांनी २००२ मध्ये एकत्र येऊन आघाडी केली आणि २००४ मध्ये कामाचे सामाईक निकष काढले. नंतर ते सुधारत गेले. त्यांतले पाच टप्पे असे : परिस्थिती पाहा, आखणी करा, राबवा, तपासून बदला, इतरांना सांगा. त्यांचा गाभा असा की, आपण ज्या जिवाला किंवा अधिवासाला वाचवतो आहोत त्याला धोका कशाचा, आणि आपलं प्रत्येक काम त्या धोक्यापर्यंत कोणत्या कड्यांनी पोचतं, हे कागदावर काढायचं. एखादं काम कोणत्याच धोक्यापर्यंत पोचत नसेल, तर ते कितीही आवडतं असलं तरी वगळायचं.

आता तुमच्या ४० हेक्टरचं बघू. ३ मीटर बाय ३ मीटर अंतरानं लावली असतील तर हेक्टरी १,१११, म्हणजे सुमारे ४४,४०० रोपं. सगळी मोजायची गरज नाही. पूर्णपणे यादृच्छिक निवडलेली ४०० रोपं तपासली तरी जगण्याचं प्रमाण साधारण ५ टक्के कमी-जास्त इतक्या अचूकतेनं कळतं. प्रत्यक्षात मात्र सुटी रोपं शोधत फिरणं अवघड, म्हणून वर्तुळं आखतात. १० मीटर त्रिज्येचं वर्तुळ ३१४ चौरस मीटरचं. त्यात सुमारे ३५ रोपं येतात, आणि ३० वर्तुळांत हजारावर. पण ही हजार रोपं म्हणजे हजार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एका वर्तुळातली माती, उतार, ओलावा सारखाच असतो, त्यामुळे ती एकत्र जगतात किंवा एकत्र मरतात. म्हणून मोठी वर्तुळं थोडी घेण्यापेक्षा लहान वर्तुळं जास्त घ्या. त्यांची ठिकाणं घरून निघण्यापूर्वी क्यूजीआयएसवर यादृच्छिक बिंदू टाकून ठरवा. जागेवर जाऊन ठरवली की पावलं आपसूक रस्त्याजवळच्या, हिरव्या भागाकडे वळतात. प्रत्येक वर्तुळाच्या मध्याशी लोखंडी खुंटी ठोका, जीपीएसची नोंद घ्या, आणि तीच वर्तुळं १२, २४ आणि ३६ महिन्यांनी मोजा.

नांग्या भरल्या असतील तर त्यांची नोंद वेगळी ठेवा. मेलेल्या रोपाच्या जागी नवं लावून तेच 'जिवंत' म्हणून मोजलं, की मृत्यूचं प्रमाण कागदावरून गायब होतं आणि कोणती जात त्या मातीत टिकत नाही हे कधीच कळत नाही.

रोपं जगली हासुद्धा शेवटचा परिणाम नाही. तुम्ही न लावलेल्या स्थानिक जातींची रोपं आपोआप उगवू लागली का, हे त्याच वर्तुळांत मोजा. जंगल परतू लागल्याची ती भक्कम खूण आहे. आणि लागवडीबाहेरच्या, तशाच जमिनीवरही काही वर्तुळं आखा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्पाला जाईल किंवा दुष्काळाचा ठपका प्रकल्पावर येईल. कामाआधीची पाहणी राहून गेली असेल तर ती मागे जाऊन करता येत नाही. उपग्रहचित्रांतून काही अंदाज बांधता येतो, तेवढाच. पुढच्या प्रस्तावात पहिले काही महिने पाहणीसाठी मागून घ्या.

प्राण्यांच्या बाबतीत 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा घाईनं घेऊ नका. एखादा प्राणी जागेवर असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता २० टक्के असेल, तर पाच फेऱ्यांनंतरही तो नजरेतून सुटण्याची शक्यता ३३ टक्के उरते. ९५ टक्के खात्रीसाठी १४ फेऱ्या लागतात. पाहणीचं अंदाजपत्रक याच आकड्यावरून ठरवायचं असतं.

प्रश्न : एका वर्षाचं अनुदान मंजूर झालं, पहिला हप्ता चार महिने उशिरा आला. आता लागवडीचा हंगाम हुकणार. असं कसं सांभाळतात?

लावणीच्या तारखेपासून उलटं मोजत या. खड्डे महिनाभर आधी हवेत. रोपं त्याआधी, जातीप्रमाणे, सहा ते बारा महिने रोपवाटिकेत असायला हवीत. त्याआधी बी गोळा करायचं, आणि तेही फळं पिकतील तेव्हाच. काही जातींचं बी वाळलं की मरतं. ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत पेरावंच लागतं. या हिशेबानं एक वर्षाच्या अनुदानात बियाण्यापासून लागवडीपर्यंतचं काम बसतच नाही. एक तर रोपवाटिकेशी आधी करार हवा, नाहीतर किमान तीन वर्षांची मुदत मागावी.

आता तुमच्या हातात आहे ते : खर्च न वाढवता मुदतवाढ मिळावी असं पत्र करार संपण्याच्या बरंच आधी, कारण आणि नवं वेळापत्रक जोडून द्या. पैसे संपवायचे म्हणून हंगाम उलटल्यावर रोपं लावू नका. ती मरतात आणि ठपका तुमच्यावर येतो. एका शीर्षातले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर करारातली मर्यादा बघा. ती बरेचदा दहा टक्क्यांच्या आसपास असते. त्याहून जास्त असेल तर खर्चाआधी लेखी परवानगी घ्या. नंतर मागितलेल्या परवानगीला लेखापरीक्षक जुमानत नाहीत.

अंदाजपत्रकात हमखास राहून जाणारी शीर्षं : गाडीची दुरुस्ती, चमूचा विमा, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या आणि बदली कॅमेरे, नोंदी संगणकावर भरण्याची मजुरी, लेखापरीक्षण. पाहणीसाठी एकूण खर्चाच्या ५ ते १० टक्के बाजूला ठेवावेत असं आमचं मत आहे. काटछाट करायची वेळ आली की सगळ्यात आधी तिच्यावरच हात पडतो, आणि मग वरच्या प्रश्नासारखं पत्र लिहायची वेळ येते.

प्रश्न : पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र करावं का?

लगेच नको. त्यासाठी चार वर्षांची पदवी असल्यास प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. स्वयंसेवी क्षेत्रासाठी बेतलेलं 'प्रोजेक्ट डीप्रो' (पूर्वीचं 'पीएमडी प्रो') सुरुवातीला जास्त उपयोगी पडतं. पुनरुज्जीवनाच्या कामात असाल तर 'सोसायटी फॉर इकॉलॉजिकल रिस्टोरेशन'चं प्रमाणपत्र बघा. त्यात नवोदितांसाठी वेगळा वर्ग आहे.

प्रश्न : माझ्या हाताखालचा प्रकल्प फसला. आता या क्षेत्रात कोण उभं करेल?

कारण काय होतं आणि तुम्ही ते किती लवकर, किती स्पष्ट सांगितलंत, यावर ते अवलंबून आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ च्या हिवाळ्यात समुद्रपक्ष्यांची पिल्लं खाणाऱ्या उंदरांच्या निर्मूलनाची मोठी मोहीम झाली. त्याच डिसेंबरात कॅमेऱ्यात उंदीर दिसला. मोहीम चालवणाऱ्यांनी ते जाहीर केलं.

ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या मॅक्वेरी बेटाचा इतिहास तर प्रत्येक व्यवस्थापकानं अभ्यासावा. तिथली मांजरं २००० पर्यंत संपवली. नंतर सशांची संख्या भरमसाठ वाढली. मांजरांचा दाब नाहीसा होणं हे त्याचं एक कारण होतं, सशांवर सोडलेल्या विषाणूचा प्रभाव ओसरणं हे दुसरं. बेटावरच्या वनस्पती उद्ध्वस्त झाल्या. मग ससे, लहान उंदीर आणि मोठे काळे उंदीर एकत्र हटवण्याची योजना आली. २०१० मध्ये खराब हवामानामुळे आमिष टाकण्याचं काम अर्ध्यावर थांबवावं लागलं, शिवाय विषानं इतर पक्षीही मेले. पुढच्या वर्षी आधी विषाणूनं ससे कमी केले, मेलेले प्राणी उचलण्यासाठी माणसं नेमली, आणि मग पुन्हा आमिष टाकलं. २०१४ मध्ये बेट मुक्त घोषित झालं.

तुमच्या अर्जात फसलेल्या प्रकल्पाला अर्धं पान द्या : काय गृहीत धरलं होतं, कोणत्या महिन्यात कोणत्या आकड्यावरून ते चुकल्याचं कळलं, आणि त्या दिवसापासून किती दिवसांत निधी देणाऱ्यांना कळवलं. सोबत तो अहवालही जोडा.