पहिला प्रयोग: सुतळीचा लॅम्पशेड

ताई, एकदम सगळं घर सजवायला निघू नका. आधी सुतळीचा एक लॅम्पशेड करून बघा. बारीक सुतळी 50 मीटर पुरते. जाड घेतली तर वजनाने शेड खाली बसतो.

फुगा 10 इंच फुगवा. बरेच जण त्याला तेल चोपडतात, पण तेलाने रबर कमजोर होऊन फुगा मध्येच फुटतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म गुंडाळा. वर होल्डरसाठी 3 इंचांचं वर्तुळ आखून ठेवा. तीन भाग फेविकॉलमध्ये एकच भाग पाणी घाला, जास्त नाही. सुतळी त्यात बुडवून, बोटांनी निथळून, ते वर्तुळ मोकळं सोडून फुग्यावर आडवी-उभी-तिरपी फिरवा. एकाच दिशेने गुंडाळली की जाळी पकडच घेत नाही.

आता खरी गोम. लवकर वाळावं म्हणून गच्चीवर ठेवाल, आणि आपल्या जळगावचं मे महिन्यातलं ऊन तर माहीतच आहे! आतली हवा फुगते, फुगा फुटतो, ओली जाळी चेपते. सावलीत टांगा, 24 तास. मग गाठीपाशी बारीक छेद देऊन हवा हळू सोडा आणि फिल्म वरच्या भोकातून ओढून घ्या.

बल्ब 5 वॅटचा एलईडीच लावा. जुना तारेचा बल्ब तापतो, सुतळी पेटू शकते.