सीट सोडायची की नाही, हे नंतर बघू

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलीला मराठवाड्यातल्याच सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिनची सीट मिळाली. सात महिन्यांतच सोडते म्हणते. 'झोपले तर उठूच नये वाटतं' असं बोलते. गावाने सत्कार केला, आता लोकांना काय सांगू? एवढी हुशार पोर कष्टाला घाबरते. तिला समजवा.

उत्तर : गुरुजी, 'उठूच नये वाटतं' हे लिहून तुम्ही लगेच सत्काराकडे वळलात. मला तसं पुढे जाता येत नाही. आजच एसटी पकडा. तिला सरळ विचारा, जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलता येतं. हो म्हणाली तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

आता कष्टाचं. नीट, एमबीबीएस, इंटर्नशिप, पुन्हा नीट पीजी, एवढं पार केलेल्या मुलीला तुम्ही भित्री ठरवताय, हे मला पटत नाही. कामाने माणूस आतून पार थकून जातो, त्याला बर्नआउट म्हणतात. बर्नआउट म्हणजे मन कच्चं, असं घरोघरी समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचा संबंध थेट कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाशी जोडला. आपल्या सरकारी दवाखान्यांत काय चालतं ते पाहा. इमर्जन्सीचा दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवशीचा राउंड रेसिडेंट, म्हणजे तुमच्या मुलीसारखे पीजी शिकत वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर, सलग काढतात. वॉर्डबॉय नसला की स्ट्रेचर त्यांनीच ढकलायचं, सॅम्पल त्यांनीच पोचवायचं. औषध दवाखान्यात नसतं, पण 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी रेसिडेंटच्या हातची, म्हणून लांबून आलेले नातेवाईक त्यांच्याच अंगावर धावून जातात. यावर तिला ध्यान करायला सांगून काय होणार? केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी सहसा १२ तासांच्या वर नसावी असं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. तिचे किती भरतात, हे तुम्ही कधी विचारलंत का?

ते तास तारखेनिशी लिहून काढा. विभागप्रमुखांकडे रजेचा लेखी अर्ज द्या, मार्ड या रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. सीट सोडण्याचा दंड आणि पुन्हा परीक्षेचे नियम प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत आहेत, ते शांतपणे वाचा. निर्णय मात्र तिची झोप पुरी झाल्यावरच, आणि तो तिचा. सोडायचं ठरवलं तरी एमबीबीएस कुठे जात नाही.

तिला समजवायचं काम मी करणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.